चौकच्या ढोली

घुबडाला दगड मारू नये, असे माझी आजी बजावायची. मारलाच तर ते तो दगड उचलून ओढ्यावर नेते आणि खडकावर घासत बसते. दगड जसजसा झिजतो तसतसा मारणाराही झिजत जातो. अंगणातल्या चिंचेवर पिंगळा येऊन बसला की हातातला खडा आम्ही मुकाट्याने खाली टाकायचो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी चौकच्या जेटीवर हीच गोष्ट मला पुन्हा ऐकायला मिळाली. बोंबलांच्या टोपल्या झाकून घरी निघालेल्या एका मावशींना मी विचारले, इथे घुबडे दिसतात का? त्यांनी आधी क्रुसाची खूण केली, मग हसल्या. ‘दिसतात ना, बाय. पण त्यांना काय करायचं नाय. धोंडा मारलास तर तो धोंडा झिजवतो, आपण पण झिजतो.’

माझी आजी देशावरची, वारकरी घरातली. या मावशी ख्रिस्ती कोळी. मधे घाट, धर्म आणि दोन पिढ्या, तरी घुबडाचा दगड दोन्हीकडे सारखाच. या समजुतीला अडाणी म्हणणे मला जमत नाही. तिने किती पक्षी वाचवले असतील याची मोजदाद कुठे नसली तरी वाचवले आहेत, एवढे मी माझ्या हातातून गळून पडलेल्या खड्यांवरून सांगू शकते.

चौक म्हणजे मीरा-भाईंदर महापालिकेचे जवळजवळ शेवटचे टोक. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बसमध्ये बसले की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे पडतात. इमारती विरळ होत जातात, मिठागरे आणि तिवरांची झाडी दिसू लागते, मग डोंगरी आणि तारोडीच्या टेकड्या. २०११च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्या नोंदवलेल्या शहरात आपण अजून आहोत हे इथे उतरल्यावर खरे वाटत नाही. रस्त्याच्या एका अंगाला ताडाची उंच झाडे, दुसऱ्या अंगाला कौलारू घरे, पुढे वसईच्या खाडीचे मुख. खाडीपल्याड वसईचा किल्ला. अलीकडे, चौकच्या उंचवट्यावर, धारावीचा किल्ला, म्हणजे त्याचे जे काही उरले आहे ते. १७३९च्या मार्चमध्ये मराठ्यांनी धारावी जिंकली, खाडीचे तोंड त्यांच्या हाती आले आणि मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेचे सेनापती चिमाजी आप्पा यांचा पुतळा इथे आहे तो त्यासाठीच. इतिहासाचे अभ्यासक इथे तोफांच्या माऱ्याची दिशा शोधायला येतात. मी आले होते ते भिंतीतली भोके, झाडांतल्या ढोली आणि त्यांत राहणारे शोधायला.

सूर्य पश्चिमेकडे कलला. वलांड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर येत होता. कावळे ओळीने तिवरांकडे निघाले होते. ते पांगले आणि पाचेक मिनिटांत माझ्या डोक्यावरच्या चिंचेतून पहिला आवाज आला, ‘चिर्र्र, चिर्र्र, चिवक-चिवक-चिवक’. एकाने सुरू केले की दुसऱ्याने त्यात आपला सूर मिसळायचा आणि दोघांनी मिळून भांडण वाटावे असा गलका करायचा, ही पिंगळ्याच्या जोडीची दिवसाची सुरुवात.

पिंगळा मैनेएवढा. राखट तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पिवळेधमक डोळे, वर पांढऱ्या भुवया. आपण त्याच्याकडे पाहिले की तोही आपल्याकडे पाहतो, मान खाली घालतो, वर करतो, डावीकडे सरकवतो, पुन्हा वर करतो. लहान मुले याला ‘नमस्कार करतो’ म्हणतात. खरे तर तो अंतर मोजत असतो. घुबडाचे डोळे आपल्यासारखे खोबणीत फिरत नाहीत. ते नळीसारखे असून जागच्या जागी घट्ट बसलेले असतात. म्हणून सगळे काम मानेला करावे लागते. माणसाच्या मानेत सात मणके, घुबडाच्या मानेत चौदा. त्यामुळे ते डोके २७० अंशांपर्यंत वळवू शकते.

महाराष्ट्रात पिंगळा हे नाव पक्ष्याइतकेच माणसाचेही आहे. भल्या पहाटे हातात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवत दारी येणारा पिंगळा जोशी. झाडावरचा पिंगळा जे बोलतो ते मला कळते, असा त्याचा दावा. सूर्य उगवायच्या आत तो गाव सोडून गेलेला असायचा. पक्ष्याची वेळ त्याने आपली मानली होती. घराघरांत जाऊन पक्ष्याच्या आवाजाचा अर्थ सांगणारा भिक्षेकरी ज्या समाजाने पोसला, त्या समाजात हा पक्षी केवळ अशुभ कसा असेल? जुन्या शकुनशास्त्रात पिंगळ्याच्या बोलण्याला शुभ आणि अशुभ असे दोन्ही अर्थ होते, बसण्याच्या दिशेनुसार आणि वेळेनुसार. पुढे बारकावे विसरले गेले आणि भीती तेवढी उरली.

‘दिवाभीत’ हा शब्दही असाच. दिवसाला भिणारा तो दिवाभीत. माणसांत न मिसळणाऱ्या, बुजऱ्या माणसाला आपण दिवाभीत म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात घुबड कुणाला घाबरवत नाही, तेच घाबरलेले आहे. आणि निरीक्षण म्हणून तो अगदी खरा आहे. दिवसा उघड्यावर सापडलेल्या घुबडाची कावळे काय गत करतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पंचतंत्राचे एक अख्खे तंत्र, काकोलूकीय, या वैरावर उभे आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा रात्री एका घुबडाला झोपलेल्या कावळ्यांचा संहार करताना पाहतो आणि त्यावरून त्याला पांडवांच्या शिबिरावर रात्री घाला घालण्याची कल्पना सुचते. ज्याने ते लिहिले त्याने रात्री झाडाखाली जागून पक्षी ऐकले असणार, असे मला नेहमी वाटते.

अंधार पडल्यावर किल्ल्याच्या बाजूने एक पांढरट आकृती आली. आवाज मुळीच नाही. वाऱ्यावर फडके सुटावे तशी ती वलांड्यांवरून गेली, गावाच्या कडेने वळली आणि दिसेनाशी झाली. गव्हाणी घुबड. माझ्याबरोबर उभा असलेला बारावीतला मुलगा, जो मला त्या संध्याकाळी गावात फिरवत होता, हळूच म्हणाला, ‘हा आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर होता. रात्री कुणीतरी घोरतंय असं वाटायचं. पप्पांनी कौलं काढून स्लॅब टाकला तेव्हा गेला.’

गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांना वैरण घालायची जागा. तिथे सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांवर हे घुबड, म्हणून ते गव्हाणी. ज्या कुणी हे नाव दिले त्याने त्या पक्ष्याला घरचा मानले. चेहरा बदामासारखा, पांढरा. पाठ सोनेरी, तिच्यावर राखाडी नक्षी. ते घुमत नाही, चिरकते. आणि पिल्ले घोरतात, म्हणजे भूक लागली की रात्रभर घरघर आवाज काढतात. मादी पहिले अंडे घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले एकामागून एक, दिवसांच्या अंतराने बाहेर येतात. एकाच घरट्यात मोठे, मधले, धाकटे असे सगळे दिसतात. उंदीर मुबलक असले तर सगळी जगतात, टंचाई असली तर धाकटी मरतात. जुनी चर्चे, किल्ले, बंद वाडे झपाटलेले असल्याच्या किती कथांमागे ही भुकेली पिल्ले असतील!

या घुबडाच्या कानांवर विज्ञानाने फार काम केले आहे. अमेरिकेतील रॉजर पेन यांनी पूर्ण अंधार केलेल्या खोलीत त्याला सोडले आणि जमिनीवर पाला पसरला. पाल्यातून चालणारा उंदीर घुबडाने केवळ आवाजावरून अचूक धरला. वासाने किंवा अंगाच्या उबेने ते शोधत असेल अशी शंका होती, म्हणून उंदराऐवजी कागदाचा बोळा पाल्यातून ओढून पाहिला. घुबडाने त्यावरही झडप घातली. १९७१ साली त्यांचा हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे मासाकाझु कोनिशी यांनी त्याच्या मेंदूत हा हिशेब कुठे आणि कसा होतो ते दाखवले. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो. आवाज दोन कानांत किंचित मागेपुढे आणि किंचित कमीजास्त पोहोचतो. या फरकावरून उंदीर किती डावीकडे आणि किती खाली आहे ते त्याला कळते. चपटा चेहरा आवाज गोळा करून कानांकडे नेतो. आणि त्याचे स्वतःचे उडणे आड येऊ नये म्हणून पंखांच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते. म्हणून तर ते माझ्या डोक्यावरून गेले आणि मला कळले ते दिसले म्हणून, ऐकू आले म्हणून नव्हे.

उंदरांना इथे तोटा नाही. सुकी मासळी आहे, घरे आहेत आणि जवळच उत्तनच्या धावगी डोंगरावर साऱ्या मीरा-भाईंदरचा कचरा येतो. त्या कचऱ्याच्या धुराने आणि पाण्याने इथल्या माणसांना दिलेला त्रास हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. इथे एवढेच सांगायचे की, घुशी आणि उंदीर यांची अशी कोठारे जिथे आहेत तिथे गव्हाणी घुबडाइतका कामाचा शेजारी दुसरा नाही. शेजारच्या मुंबईत महापालिकेचे मूषकसंहारक काठी आणि विजेरी घेऊन रात्रभर गल्ल्यांतून फिरतात, कारण पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे भय असते. तेच काम घुबड न सांगता करते. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये १९८०च्या दशकापासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी खोकी टांगतात, जेणेकरून उंदरांसाठी विष घालावे लागू नये. आपण मात्र उंदराला विष घालतो आणि तो अर्धमेला, सुस्तावलेला उंदीर घुबड उचलते. विष मग पिल्लांपर्यंत पोहोचते.

बंगालीत या घुबडाचे नाव लोक्खी पेंचा आहे, लक्ष्मीचे घुबड. आपल्याकडच्या चित्रांत लक्ष्मी कमळावर उभी आणि दोन बाजूंना हत्ती. बंगालात तिच्या पायाशी हे पांढरे घुबड बसलेले असते. भाताच्या कणग्या भरलेल्या प्रदेशात उंदीर मारणारा पक्षी धनधान्याच्या देवतेपाशी बसावा, हे मला श्रद्धेइतकेच शेतकऱ्याचे शहाणपण वाटते.

त्या रात्री आम्ही आणखी एक घुबड ऐकले. दिसले नाही. दाट आंब्याच्या आतून, शांतपणे, कुणी विचारल्यासारखे ‘वट?’ मग सात-आठ सेकंद काही नाही. पुन्हा ‘वट?’ बेडूक समजून बहुतेक जण सोडून देतात. हा शिंगळा. डोक्यावर पिसांची दोन शिंगे, रंग झाडाच्या सालीसारखा, दिवसा बुंध्याला चिकटून डोळे बारीक करून बसला की हातभर अंतरावरून दिसत नाही. आणि एका आजोबांनी मला ‘हसणाऱ्या’ पक्ष्याबद्दल सांगितले. त्यांच्या तरुणपणी टेकडीकडच्या जुन्या आंब्यांतून रात्री कापऱ्या आवाजात कुणीतरी हसायचे, ‘हुआऽऽऽ’ असे, आणि मासेमारीहून परतणारी माणसे त्या वाटेने यायची नाहीत. हे वर्णन वनघुबडाशी तंतोतंत जुळते. गावाकडच्या जुन्या आमराया हे त्याचे आवडते घर. आजोबांना मी तसे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे आमी उगाच लांबनं फिरून आलो इतकी वर्षं.’

पुढे पूर्वेला काशिमिरा ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते. तिथे घुबडांची मोठी वस्ती आहे. जंगली पिंगळा आहे, ओढ्याकाठी मासे-खेकडे धरणारे मत्स्यघुबड आहे, ससाण्यासारखी लांब शेपटी असलेले आणि ‘कू-ऊक, कू-ऊक’ असे दोन स्वरांत बोलणारे घुबड आहे. थंडीत मोकळ्या गवताळ जागांवर दूर उत्तरेतून आखूड कानांचे घुबड येते. ते झाडावर न बसता जमिनीवर बसते. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३०च्या दशकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची जी यादी लेखमालेतून दिली, ती आजही या भागातल्या पक्षिअभ्यासाचा पाया आहे. मराठीत ही नावे जपायचे काम मारुती चितमपल्लींनी पक्षिकोशात केले. २०२५च्या जूनमध्ये ते गेले.

या सगळ्यांत ज्याची कथा सांगायला हवी तो रानपिंगळा. त्याचे नाव पिंगळ्यासारखे, पण हा दिवसा वावरणारा. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याची जगाला ओळख करून दिली. पुढे काही नमुने गोळा झाले, काही आपल्या खानदेशातून, आणि १८८४ नंतर तो नाहीसाच झाला. १९१४ सालचा गुजरातचा एक नमुना मात्र संग्रहालयात होता आणि शोधणारे त्याच्या आधारे चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी बारकाईने तपासल्यावर उलगडा झाला की, तो नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. तो बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या मागे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले आणि १९९७च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर तो त्यांना सकाळच्या उन्हात बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. एका माणसाच्या खोटेपणाने एका पक्ष्याची आठ दशके वाया घालवली याचा मला आजही राग येतो. २०१४ साली हा रानपिंगळा तानसा अभयारण्यात सापडला. मुंबईकर ज्या तलावाचे पाणी पितात त्याच्या काठच्या जंगलात. तोवर तो इथे असेल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आता ढोलीकडे येते, कारण सगळे तिथेच येऊन थांबते. घुबडाला घर करता येत नाही. सुतार पक्षी खोड कोरतो, तांबट कोरतो, सुगरण विणते. घुबड यातले काही करत नाही, बहुतेक घुबडांना तयार पोकळी लागते. ती तयार कशी होते? वादळात फांदी मोडते, जखमेत पाणी शिरते, बुरशी लागते, आतले लाकूड मऊ होते, सुतार येऊन भोक पाडतो, पोपट ते मोठे करतो, मैना राहून जाते आणि मग कधीतरी पिंगळा येतो. याला झाडाचे वय लागते, नुसता घेर नव्हे. चौकमध्ये त्या मुलाने मला शेंडा गेलेला एक ताड दाखवला. त्याच्या पोकळ बुंध्यात वर पोपट होते, खाली पिंगळ्याची जोडी. मेलेले झाड म्हणून तो पाडायचा का, यावर घरात चर्चा चालू होती.

डोंगरीच्या टेकडीवरच्या झाडांचा प्रश्न २०२५ साली गावागावांत पेटला. दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रोच्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धे भागात जागा धरली होती. तिथल्या गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती डोंगरीला हलवण्याचे ठरले आणि हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी हरकती घेतल्या. मेट्रो लोकांना हवी आहे, भाईंदरहून सकाळच्या लोकलमध्ये चढलेल्या कुणालाही ते समजावून सांगावे लागत नाही. माझे म्हणणे भरपाईच्या हिशेबाबद्दल आहे. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार झाडाच्या वयाइतकी रोपे लावायची. साठ वर्षांचे झाड तोडले तर साठ रोपे. वाचायला न्याय्य वाटते. पण साठ रोपांत एकही ढोल नसते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे नसते. त्या काळात पिंगळ्याच्या कितीतरी पिढ्या यायच्या आणि जायच्या. झाडे मोजताना घेर मोजतात, उंची लिहितात, जात लिहितात. ढोल आहे का, हा रकाना त्या तक्त्यात असायला हवा, आणि तो भरायला संध्याकाळी जाऊन अर्धा तास झाडाखाली उभे राहायला हवे.

दिवाळीच्या तोंडावर हे लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. अमावस्येच्या रात्री घुबडाचा बळी दिला की लक्ष्मी घरात कायम राहते, असे सांगणारे मांत्रिक देशात आहेत आणि त्यांना पक्षी पुरवणारे पारधीही. २०१० साली ट्रॅफिक इंडिया या संस्थेसाठी अबरार अहमद यांनी केलेल्या पाहणीत पक्षीबाजारात घुबडांच्या १५ जाती विकल्या जात असल्याचे आढळले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. पण लोकांचे मन वळते ते वेगळ्या वाटेने. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ साली घुबड महोत्सव भरवला. शाळेची मुले घुबडांची चित्रे, मुखवटे, गाणी घेऊन आली. ज्या पक्ष्याचे नाव घरात घेऊ नये म्हणायचे, त्याची जत्रा भरली. ते काम डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली.

चौकमध्ये महोत्सव नाही. तिथे तो बारावीतला मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला उठवले. बोटी परतत होत्या, जेटीवर बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. आम्ही किल्ल्यापासून डोंगरीच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. त्याने वहीत झाडे लिहिली, मी बोट दाखवत गेले. चिंच, दोन ढोली. आंबा, एक, मधमाश्या. जांभूळ, एक, रिकामी वाटते. शिरीष, तीन. ताड, शेंडा नाही, पोपट, पिंगळा. जुन्या विहिरीच्या कठड्याजवळ खाली करड्या गोळ्या पडल्या होत्या, अंगठ्याएवढ्या. घुबड न पचलेली हाडे आणि केस असे ओकून टाकते. त्याने एक काडीने फोडली. आत उंदराच्या दोन कवट्या, दातांसकट, जशाच्या तशा. त्या कागदात गुंडाळून त्याने खिशात घातल्या, जीवशास्त्राच्या मॅडमना दाखवायला. मग वर पाहिले.

‘इथे झाड तर नाही,’ तो म्हणाला. ‘म्हणजे तो विहिरीत राहतो.’

आम्ही कठड्यावरून वाकलो. आत, पाण्याच्या बरेच वर, दोन दगड निखळलेल्या जागी, पांढरा बदामी चेहरा आमच्याकडे वळला. त्याने वहीत लिहिले : विहीर, एक.